वन्संचा कोट

आमच्या मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, खांदे राहतात. रस्त्यात कुणी हसून ओळख दिली की हे बावचळून माझ्याकडे बघतात, आणि तो माणूस चार पावलं पुढे जाऊन पाठमोरा झाला की म्हणतात, "अगं, हा तर बँकेतला! उजवा खांदा अर्धा इंच उतरता." लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी बाजारात चुकामूक झाली तर हे मला तोंडावरून शोधतील की पाठीवरून, ते मी अजून सांगू शकत नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान. धंद्याने शिंपी, आणि शिंप्यांतही फक्त कोटवाले. तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं दुकान आहे. पुढे कापायचं लांब टेबल, दोन मशिनी, एक कोपरा तडकलेला उंच आरसा. मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. इथे वर्षातले सात महिने थंडी असते, त्यामुळे कोटाला मरण नाही. काज, बटणं आणि तुरपाई माझ्याकडे. पाटीवर माझं नाव नाही, पण माझा हात लागल्याशिवाय एकही कोट उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. मी डावखुरी आहे. त्यामुळे माझे टाके उलट्या बाजूला कलतात. मास्तरांच्या टाक्यांशेजारी ठेवले तर नवरा-बायको रुसून पाठ फिरवून बसल्यासारखे दिसतात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

मास्तरांचं नाव झालं ते टेपेवाचून माप घेण्यामुळे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हे चष्म्यावरून एकदा खाली-वर बघायचे आणि वहीत आकडे लिहायचे. छाती, कंबर, पाठ, बाही. अंगात स्वेटर असला तर त्याचा इंचभर मनातल्या मनात वजा. टेप खणात पडून असायची. "टेप काय, कुणीही लावेल," असं म्हणायचे. एकदा समोरच्या न्हाव्याशी पैज लागली. मास्तरांनी गल्लीतून जाणाऱ्या पाच जणांच्या छातीची मापं खुर्चीत बसल्या बसल्या सांगितली, आणि न्हावी साबणाच्या हातांनी टेप घेऊन त्यांच्या मागे धावला. पाचही बरोबर. वर्षभर मास्तरांची दाढी फुकट झाली आणि वर्षभर ती गोष्ट मला रोज ऐकावी लागली. मी आपली समजत होते की ही निव्वळ ऐट आहे.

आता वन्सं. मास्तरांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. मास्तर आठ वर्षांचे असताना आई गेली, आणि एकोणीस वर्षांच्या बहिणीने यांना वाढवलं. आईच्या मशीनवर बसवून टाका तिनेच शिकवला. पुढे मास्तर काम शिकायला म्हणून या थंड गावात आले ते इथलेच झाले. वन्सं तिकडे खाली सपाटीवर, दोन दिवसांच्या प्रवासावर. नवरा गेलेला, एक मुलगा, सून. मास्तरांचं दर महिन्याला त्यांना पत्र जायचं आणि त्यात आमच्या गावाचं वर्णन असायचं: तळं, त्याच्यावरचा दगडी पूल, एकशे ऐंशी पायऱ्यांचा मनोरा, जुन्या वस्तूंचं संग्रहालय. 'ताई, एकदा ये, सगळं दाखवतो.' गंमत अशी की यातलं काहीच मास्तरांनी स्वतः धड बघितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं सांगायची, हे लिहायचे. तळं दुकानापासून सात मिनिटांवर, पण हे तिकडे गेले असतील तर कुणाचा तरी कोट पोचवायला.

खरं सांगायचं तर माझं आणि वन्संचं फारसं जमलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माझी तुरपाई चारचौघांत उसवली. "सगळे टाके वाकडे! उजव्या हाताने शीव." मी डाव्या हातानेच परत शिवली, पुन्हा तशीच वाकडी. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी फार म्हणजे फार गोड बोलायचो.

तीस वर्षं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्या वन्संचं गेल्या हिवाळ्यात अचानक पत्र आलं. 'आठ दिवसांसाठी येते. तळं बघायचंय.' मास्तरांनी ते पत्र न्हाव्याला वाचून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, आणि मला तर तीनदा. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक गठ्ठा खाली काढला. गडद मातकट रंगाचं जाड लोकरी कापड, आठ वर्षं जपून ठेवलेलं. मी कितीदा मागितलं होतं. "ताईसाठी आहे," म्हणाले. मला राग आला, पण बहिणीच्या बाबतीत या माणसापुढे बोलून उपयोग नसतो.

वन्सं बसमधून उतरल्या त्या कपड्यांचं गाठोडं होऊनच. दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला रुमाल, हातात लोकरी मोजे. "काय रे ही थंडी! माणसं राहतात कशी इथे?" मास्तर पुढे धावले, पण पाया पडायच्याही आधी सवयीने त्यांची नजर खांद्यापासून कमरेपर्यंत फिरून आली.

"ताई, अडतीस! अजून अडतीसच! काडीचा फरक नाही तुझ्यात."

"तुझ्या नजरेला मानलं बाबा," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. गाल मात्र आत गेले होते. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "सगळे दात काढले गं. नवी कवळी अजून बसत नाही तोंडात."

पहिल्या दिवशी वन्संनी ताटात अर्धा भात ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त. "कवळी टोचते," म्हणायच्या. माझ्या मनात आलं, माझ्या हातचं खाववत नाही हे सरळ सांगायचं सोडून कवळीवर ढकलतायत. मी भांडी जरा जोरातच आपटली. आज ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

मास्तर दुकानातल्या टेबलावर झोपत होते, आतल्या खोलीत वन्सं आणि मी. कपडे बदलायचे असले की वन्सं मला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायच्या. तिसऱ्या सकाळी मास्तर दुकान उघडायला गेले, आणि मी गरम पाण्याची बादली घेऊन न विचारताच आत शिरले.

वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही स्वेटर खाटेवर पडले होते. त्यांच्याशेजारी एक जाड बंडी होती, आत कापूस भरून चौकटीचौकटींनी टाके घातलेली, खांद्यांवर जास्त कापूस, छातीला जास्त, पाठीला बेताचा. आणि वन्संच्या पाठीचा एकेक मणका वेगळा दिसत होता. खांद्याची हाडं वर आली होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं. बादली मी अगदी हळू खाली ठेवली, एवढं आठवतं.

त्या दचकल्या नाहीत. "दार लाव," म्हणाल्या. मग बंडी उचलून माझ्यापुढे धरली. "छोट्याची नजर वरचे स्वेटर वजा करते. ही आतून अंगाला चिकटून बसते. ही त्याला वजा करता येत नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती. कारागिराची असते तशी.

"वन्सं, हे कधीपासून?"

"पोटात आहे. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे डॉक्टरांनी हात टेकले. चार महिने म्हणाले. फार तर पाच." बंडी त्यांनी अंगात घातली आणि बंद बांधायला लागल्या. गाठ बसेना. मी पुढे होऊन बांधली. "छोट्याला सांगायचं नाही."

"असं कसं? भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच." त्या खाटेवर टेकल्या. "आई आजारी होती ना, तेव्हा कुणीतरी याला सांगितलं की आईला मांस चढलं की ती बरी होणार. हा रोज सकाळी दोरा घेऊन तिच्या मनगटाचं माप घ्यायचा. दोऱ्याला गाठ मारायचा आणि कालच्या गाठीशी लावून बघायचा. रोज गाठ अलीकडे. दोन महिने, रोज. आई गेली त्या दिवशी तो दोरा मी त्याच्या मुठीतून सोडवून घेतला." त्यांनी शेजारचा स्वेटर ओढून घेतला. "तो टेप लावत नाही, त्याला तू ऐट म्हणतेस. म्हण, पण मला तो दोरा आठवतो."

एकतीस वर्षं मी मास्तरांच्या नजरेची चेष्टा केली होती.

"मला आठ दिवस पाहुणी म्हणून राहायचंय गं," वन्सं म्हणाल्या, "पेशंट म्हणून नाही. त्याला कळलं की तो तळं दाखवायचा नाही, माझ्याकडेच बघत बसेल. शब्द दे."

मी मान हलवली. हलवायला नको होती, असं आज वाटतं. पण त्या घटकेला, त्या बंडीसमोर, मला दुसरं काही सुचलं नाही.

त्याच दुपारी मास्तरांनी ते मातकट कापड टेबलावर पसरलं. खडू घेतला, कात्री घेतली. मग खण उघडला आणि टेप बाहेर काढली. मी काजाला बसले होते, सुई बोटात शिरली.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"ताई, तुझ्या कोटाला पाव इंचाचीही चूक नको. जरा उभी राहा. हात वर कर."

वन्सं उठल्या नाहीत. "म्हणजे तुझी नजर गेली म्हण की. बसस्टॉपवर एवढ्या तोऱ्यात अडतीस म्हणालास ते उगाचच?"

"तसं नाही गं..."

टेप मास्तरांच्या हातातून लोंबत होती. ते एक पाऊल पुढे आले. वन्संनी माझ्याकडे बघितलं, आणि मी बोलले. कुणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नाही, माझी मीच बोलले. "अहो, टेप ठेवा ती. न्हाव्याला कळलं तर वर्षभराच्या दाढ्या परत मागेल."

वन्सं खो खो हसल्या. मास्तरही हसले. त्यांनी टेप गुंडाळली, खणात टाकली आणि खण लावला. मला वाटलं, खण लावताना त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कदाचित तसं काही नसेलही. मग चष्म्यावरून बहिणीकडे एकदा बघून त्यांनी वहीत अडतीस लिहिलं आणि कापडावर खडू ओढला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी दुकानाला दुपारची सुट्टी दिली. आमच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं. शेजारचा चांभार विचारपूस करायला आला, कुणी गेलं की काय म्हणून.

पहिल्यांदा संग्रहालय. तिथे जुनी भांडी, नाणी, दगडी मूर्ती, काय नाही! पण मास्तर थेट एका काचेच्या कपाटापाशी गेले. कुणा जुन्या सेनापतीचा कोट होता. हे गुडघ्यांवर बसले, मान वाकडी करून खालून बघितलं आणि पहारेकऱ्याला हाक मारली. "अहो, डावी बाही उजवीकडे बसवलीय!"

"दोनशे वर्षांपूर्वीचा आहे तो," पहारेकरी म्हणाला.

"मग दोनशे वर्षं चुकीचाच आहे."

पहारेकऱ्याने वन्संना आपली खुर्ची दिली होती. त्या तिथे बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग खोकत राहिल्या. मी पाठीवरून हात फिरवला. हाताला कापूस लागत होता.

तिथून पुलावर. पुलाच्या तोंडाशी कुणा मोठ्या माणसाचा पुतळा आहे. मास्तर म्हणाले, "बघ ताई, एवढा कर्तबगार माणूस आणि कोटाची बटणं बायकी बाजूला!" मी या गावात एकतीस वर्षं राहते, त्या पुतळ्याच्या बटणांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. अशा रीतीने आम्ही गाव बघत होतो. मास्तर दाखवत होते, आणि त्यांच्याइतकंच नवल आम्हालाही वाटत होतं, कारण तेही पहिल्यांदाच बघत होते.

तळ्यावर नाव होती. नावाड्याने वन्संना चढवायला हात दिला, आणि आधारासाठी दंड धरून जरा वर ओढलं. त्या एकदम उचलल्याच गेल्या. नावाडी चमकला. "आजी, तुम्हाला वजनच नाही हो! पोरीला उचलल्यासारखं वाटलं."

तो माणूस दिवसभर माणसं चढवतो-उतरवतो, त्याच्या हाताला एका क्षणात कळलं.

मास्तर तोवर नावाड्याच्या कोटाचा फाटका खिसा निरखत होते. "काहीतरीच काय बोलता," ते म्हणाले. "अडतीस छाती आहे तिची. तुमचा खिसा मात्र गेलाय, दुकानात घेऊन या."

नावाडी माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवली. पूर्ण फेरीभर त्याने नाव फार हळू चालवली, एकही हिसका बसू दिला नाही.

मनोरा शेवटी राहिला होता. पायथ्याशी उभं राहून वन्संनी वर बघितलं. "एकशे ऐंशी ना? मी इथेच बसते. तू जा आणि काय दिसतं ते सांग. तीस वर्षं न बघता लिहिलंस, आज बघून सांग."

मास्तर वरमले. "तुला माहीत होतं?"

"पत्रात तळं कधी पुलाच्या डावीकडे असायचं, कधी उजवीकडे. मी काय खुळी आहे?"

मास्तर चढले. आम्ही दोघी बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने वरच्या कठड्याशी एक बारीक आकृती दिसली आणि हात हलवायला लागली. वन्संनीही हात वर केला. तो वर धरून ठेवायला त्यांना दुसऱ्या हाताचा टेकू द्यावा लागला. तरी मास्तर दिसेनासे होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

"आईच्या वेळेसारखं नाही ना व्हायचं त्याचं?" त्यांनी विचारलं. म्हणजे काय ते मला कळलं. मी म्हटलं, "मी आहे." हे मी मनापासून म्हटलं होतं.

मास्तर धापा टाकत खाली आले, लालबुंद, अगदी खुशीत. "ताई, वरून तू इतकी बारीक दिसत होतीस! एवढीशी!" अंगठा आणि बोट जवळ आणून त्यांनी दाखवलं. वन्सं म्हणाल्या, "वरून सगळेच तसे दिसतात रे," आणि त्यांच्या कपाळाचा घाम आपल्या हातमोज्याने पुसला.

सातव्या दिवशी कोट तयार झाला. एवढा देखणा कोट मास्तरांनी कधी शिवला नव्हता. कॉलर अशी बसली होती की जागची हलणार नाही. अस्तर गडद निळं. बंडीवरून वन्संनी तो घातला, आरशासमोर फिरून दाखवला आणि मास्तर टेबलाला टेकून नुसते बघत राहिले. "प्रवासात मळेल," म्हणून वन्संनी तो लगेच काढला. मास्तर दुसऱ्या दिवशीचं बसचं तिकीट काढायला बाहेर पडले.

ते वळणावर गेले असतील नसतील, वन्संनी दुकानाचं दार लोटलं. "सुई घे," मला म्हणाल्या. "माझी बोटं आता जाड कापडातून सुई ओढत नाहीत. आतून मुडपून दे. माझ्या मापाचा कर."

"घरी गेल्यावर कुणाकडून..."

"घरी गेल्यावर नाही. त्याने शिवलेला कोट मला माझ्या अंगाने घालायचाय, त्याच्याच आरशात. या कापसाने नाही."

त्यांनी बंडी काढली. मी खणातून टेप काढली आणि छातीला लावली. तीस. आकडा वाचला आणि परत वाचला. मग अस्तर एका बाजूने उसवलं, दोन्ही कुशींच्या शिवणी आत घेतल्या आणि निळ्या दोऱ्याने धावदोरा घालत गेले. लवकर करायचं होतं. अश्रूंनी सुईचं नाकं दिसत नव्हतं, तरी हात चालत राहिला, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

वन्संनी कोट घातला. आरशात बघितलं. कुठेही चुणी नव्हती, कुठेही झोळ नव्हता. त्या कोटात एक किडकिडीत म्हातारी बाई उभी होती, आणि कोट तिचाच होता.

"बसला," त्या म्हणाल्या. मग अस्तर उलटून माझे टाके बघितले. "वाकडे ते वाकडेच."

"उसवा मग," मी म्हटलं.

"राहू देत. आता मला उसवायला वेळ नाही." त्यांनी माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी कोट कागदात गुंडाळून पिशवीत गेला. वन्सं आल्या तशाच गेल्या, दोन स्वेटर, शाल, रुमाल, मोजे. बस वळेपर्यंत मास्तर हात हलवत होते. "बघ," मला म्हणाले, "सत्तरी आली तरी ठणठणीत आहे ताई."

नंतर वन्संची तीन पत्रं आली. तिन्हींत एक ओळ होतीच: 'कोट अंगाला अगदी बरोबर बसतो.' मास्तर ती ओळ गिऱ्हाइकांना दाखवायचे. चौथं पत्र भाच्याचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाच्याला वाटत होतं मामाला ठाऊक आहे. आईने तसंच सांगितलं होतं त्याला. "शेवटचे दोन महिने फार वाईट गेले मामा," तो म्हणाला, "पण कोट काढू देत नव्हती. गरम होतं म्हटलं तरी नाही." त्याने कोट घडी करून मास्तरांच्या हातात दिला. दोन महिने, वाईट, हे शब्द मास्तरांच्या कानांवरून नुसते जात होते. सगळ्या परतीच्या प्रवासात कोट मांडीवर होता.

घरी आल्यावर त्यांनी तो टेबलावर पसरला. हँगरला लावून ठेवणार होते. बाही सरळ करताना त्यांचा हात थांबला. कुशीची शिवण बोटांनी चाचपून बघितली. "ही माझी नाही," म्हणाले. छोटी कात्री घेतली आणि अस्तर उसवायला लागले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

आत धावदोऱ्याच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत एक. सगळ्यात आतली पिवळ्या दोऱ्याची, लांब लांब, भरकटलेले टाके, मध्येच सुटलेले. "कुणी केलाय हा घोळ?" मास्तर पुटपुटले, आणि मग त्यांना सुरुवातीची गाठ दिसली. दोन वेढ्यांची, चपटी. ती गाठ फक्त दोन माणसं मारतात. एक मास्तर, आणि एक त्यांना शिकवणारी. त्यांनी त्या भरकटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा.

मग खण उघडून टेप काढली. पिवळी ओळ, चोवीस. तिच्या बाहेरची पांढरी, त्याच गाठीची, सत्तावीस. सगळ्यात बाहेरची निळी, तीस. आकडे ते मोठ्याने म्हणत होते, मापं घेताना म्हणतात तसे. निळ्या ओळीपाशी ते खाली वाकले. चष्मा काढून पुसला, परत लावला. ते टाके सारखे होते, बारीक होते, आणि सगळे उलट्या बाजूला कललेले होते.

"हे तुझे," ते म्हणाले.

"हो."

"कधी?"

"त्या जायच्या आदल्या दिवशी. तुम्ही तिकिटाला गेला होतात."

त्यांनी वही काढली, पान उघडलं. स्वतःच्या अक्षरातलं अडतीस बघितलं. "मी टेप घेतली होती हातात," म्हणाले.

"हो."

"तू म्हणालीस, न्हावी दाढ्या परत मागेल."

मी सगळं सांगितलं, बंडी, शब्द, पाहुणी म्हणून राहायचं होतं ते, दोऱ्याची गोष्टसुद्धा. मला वाटलं ओरडतील. मला हवंच होतं त्यांनी ओरडावं. पण त्यांनी अस्तर बंद केलं, कोट हँगरला लावला आणि दुकानाचं दार उघडलं, कारण बाहेर कुणीतरी आलं होतं.

त्या दिवसापासून मास्तर सगळ्यांना टेप लावतात. न्हाव्याने एकदा टिंगल केली, मग परत केली नाही. माझ्याशी अकरा दिवस कामापुरतंच बोलले: दोरा दे, काज झाले का, चहा. मी मुकाट्याने करत राहिले. वन्संना दिलेला शब्द मी पाळला आणि नवऱ्याला फसवलं. दोन्ही मीच केलं, त्याची वजाबाकी कशी करायची ते मला येत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी बटणं लावत होते. मास्तर समोर येऊन उभे राहिले. "टेप खणात ठेवताना मला बरं वाटलं होतं," ते म्हणाले. "तू बोललीस म्हणून नाही. मलाच नको होती लावायला." त्यांनी खणातून टेप काढली. मग म्हणाले, "ऊठ. हात वर कर."

मी उठले. त्यांनी छाती घेतली, कंबर घेतली, पाठ घेतली, आणि वहीच्या नव्या पानावर लिहिलं. मला वाटलं माझ्यासाठी कोट शिवणार असतील. शिवला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला परत उभं केलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आता ते ठरलंच आहे. छाती, कंबर, पाठ झाली की शेवटी ते माझा डावा हात हातात घेतात आणि मनगटाला टेप गुंडाळतात.

कोटाला मनगटाचं माप लागत नाही. मी या धंद्यात एकतीस वर्षं आहे, हे मला कळतं. मी हात पुढे धरते, आणि ते मागच्या महिन्याचा आकडा बघून होईपर्यंत तसाच धरून ठेवते.